पहाटे तीन वाजता जागं कोण?

श्वासासाठी यंत्र लागणाऱ्या मुलाच्या खोलीत रात्री कधीच पूर्ण सामसूम होत नाही. यंत्रातला पंखा घुमत असतो, दर दोन-तीन सेकंदांनी नळीतून हवा सरकते, रक्तातला प्राणवायू मोजणाऱ्या ऑक्सिमीटरचा लाल दिवा पायाच्या अंगठ्याला चिकटलेला असतो. उशाशी हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग, पलंगाखाली कफ ओढून काढणारं सक्शन मशीन. त्या खोलीत झोपणारी आई या आवाजांना इतकी सरावते की त्यांनी तिची झोप मोडत नाही. त्यातला एखादा आवाज बदलला की मात्र ती ताडकन उठते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या खोलीत आणखी एकाची भर पडली आहे. यंत्राच्या पाठीवर किंवा पोटात एक छोटा मोडेम असतो, त्यात मोबाइलसारखंच सिमकार्ड. रात्रभराच्या श्वासांचा हिशेब तो दूरच्या सर्व्हरवर पाठवतो आणि शेकडो किलोमीटरवरचा डॉक्टर आपल्या संगणकावर तो उघडून पाहू शकतो.

हे ऐकल्यावर कुठल्याही आईबापांच्या मनात पहिली आशा उगवते ती हीच: आता आपण थोडं झोपावं, लक्ष ठेवणारं कुणीतरी आहे. ही आशा कितपत खरी आहे? दुरून लक्ष ठेवल्याने मुलं सुरक्षित होतात का, त्यांच्या रुग्णालयातल्या फेऱ्या कमी होतात का, आणि आपल्याकडे त्याचा उपयोग नेमका कुठे आहे? बरंच वाचून, तपासून माझं मत असं झालं आहे की ही सोय आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या कामाची आहे, मिनिटांच्या कामाची नाही. या दोन्हींची गल्लत झाली की मुलाच्या जिवाशी खेळ होतो.

मुळात अशी मुलं घरी असणं हीच नवी गोष्ट आहे. १९२८ च्या ऑक्टोबरात बोस्टनच्या बालरुग्णालयात पोलिओमुळे श्वास थांबत आलेल्या आठ वर्षांच्या एका मुलीला फिलिप ड्रिंकर आणि लुई अगासी शॉ यांनी बनवलेल्या लोखंडी पेटीत ठेवलं गेलं. काही दिवसांनी ती न्यूमोनियाने गेली, पण यंत्र माणसाला श्वास देऊ शकतं हे जगाने पाहिलं. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली. ब्लेगडाम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या सुरुवातीच्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या सांगण्यावरून १२ वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवली गेली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास देण्यात आला. ती जगली. पुरेशी यंत्रं नव्हती, म्हणून सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून महिनोनमहिने पिशव्या दाबत बसले. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथली मानतात. मला त्या गोष्टीतलं पाळ्यांचं वेळापत्रक सर्वांत मोलाचं वाटतं. कुणी किती तास जागायचं, थकलेल्याच्या जागी कुणी बसायचं, हे त्यांनी आधी ठरवलं होतं.

यंत्रावरच्या मुलांची घरची वाट रुंद झाली ती पैशाच्या एका भांडणातून. अमेरिकेत आयोवा राज्यातली केटी बेकेट १९७८ मध्ये जन्मली आणि काही महिन्यांची असतानाच मेंदूज्वराने तिचा श्वास यंत्रावर गेला. तीन वर्षांची होईपर्यंत तिचं घर म्हणजे रुग्णालयच होतं. तिला घरी नेता येईल असं डॉक्टर म्हणत होते, घरचा खर्चही बराच कमी होता. पण सरकारी विमा रुग्णालयात असेपर्यंतच पैसे द्यायचा. घरी गेली की बंद. १९८१ च्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी पत्रकार परिषदेत तिचं उदाहरण दिलं, नियमाला अपवाद झाला आणि त्या नाताळच्या आधी केटी घरी पोचली. पुढच्याच वर्षी कायद्यात अशा मुलांसाठी सोय झाली. ती आजही तिच्या नावाने ओळखली जाते. केटी शिकली, अपंगांच्या हक्कांसाठी बोलत राहिली आणि २०१२ मध्ये ३४ व्या वर्षी गेली.

त्याच १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी नाकावरच्या मास्कमधून दाबाची हवा देण्याची युक्ती प्रसिद्ध केली. ती होती झोपेत घसा बंद होणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. पण त्यातूनच पुढे मास्कमधून श्वास देणारं बायपॅप यंत्र आलं आणि गळ्याला छेद न देता रात्रीपुरता श्वास देणं लहान मुलांनाही शक्य झालं. मग संख्या वाढतच गेली. ब्रिटनमध्ये नव्वदच्या दशकाअखेर झालेल्या पाहणीत दीर्घकाळ श्वसनयंत्रावर असलेली १४१ मुलं सापडली होती. दहा वर्षांनी तशाच पाहणीत ९३३. यात स्नायू हळूहळू निकामी करणारे ड्यूशेन आणि एसएमए हे आजार आहेत, फार लवकर जन्मलेल्या बाळांची जखमी फुप्फुसं आहेत, मणक्याच्या दुखापती आहेत. झोप लागली की मेंदू श्वास घ्यायलाच विसरतो, असा एक दुर्मीळ जन्मजात विकारही आहे. या विकारातलं मूल दिवसभर अंगणात खेळतं आणि रात्री यंत्राशिवाय जगू शकत नाही. २०१६ नंतर एसएमएवर औषधं आली तशी पूर्वी दोन वर्षांच्या आत जाणारी बाळं जगू लागली, आणि त्यातल्या अनेकांना जगताना यंत्राची साथ लागते.

आता त्या मोडेमकडे येऊ. तो पाठवतो तरी काय?

सकाळी डॉक्टरने पान उघडलं की आधी दिसतं ते यंत्र किती तास चाललं. आठ तास लिहून दिले आणि साडेतीनच तास चाललं, तर पुढचं सगळं वाचण्याआधी घरी फोन करायला हवा. मग गळती. मास्कच्या कडेतून किंवा नळीच्या बाजूने किती हवा वाया गेली याचा आकडा. मग प्रत्येक श्वासाला छातीत किती हवा गेली. लहान मुलांत साधारण किलोमागे ६ ते ८ मिलिलिटर असा हिशेब धरतात. मग मिनिटाला श्वास किती आणि त्यातले मुलाने स्वतः सुरू केलेले किती, यंत्राने ढकलून दिलेले किती.

या आकड्यांचा खरा उपयोग त्यांना आठवड्यांच्या रांगेत लावल्यावर कळतो. मूल वाढतं, हीच बालरोगातली सगळ्यात आनंदाची आणि सगळ्यात अडचणीची गोष्ट. नऊ किलोचं मूल बारा किलोचं झालं आणि यंत्रावरचे आकडे तेच राहिले, तर किलोमागे मिळणारी हवा चौथ्या हिश्शाने घटते. मूल तक्रार करत नाही. सकाळी डोकं दुखतं, शाळेत पेंगतं, भूक लागत नाही. घरचे म्हणतात, हल्ली चिडचिड करतो. यंत्राच्या नोंदीत मात्र ही घसरण महिन्याभरात स्पष्ट दिसते. मास्क लहान झाला की गळती चढत जाते, तेही तसंच. आणि एक ध्यानात घ्यावं असं: श्वासाचा वेग. फ्रान्समध्ये ग्रेनोबल इथल्या संशोधकांनी २०१५ मध्ये फुप्फुसांच्या जुन्या आजाराच्या प्रौढ रुग्णांत दाखवलं की आजार उसळण्याच्या आधीच रात्रीचा श्वासाचा वेग आणि रुग्णाने स्वतः सुरू केलेल्या श्वासांचं प्रमाण बदलू लागतं. मुलांसाठी तो उंबरठा कोणता हे तेवढ्या भक्कमपणे ठरलेलं नाही, पण मुलाचा नेहमीचा वेग २२ असेल आणि लागोपाठ तीन रात्री तो ३० वर गेला, तर छातीत कफ साठतोय का हे विचारायला कुठल्या संशोधनाची वाट पाहायची गरज नाही.

इथेच एक सावधगिरी. या यंत्रांच्या आतलं गणित बहुतांशी मोठ्या माणसांच्या छातीवर बेतलेलं आहे. सात किलोच्या, स्नायूंत बळ नसलेल्या बाळाचा क्षीण प्रयत्न यंत्राला जाणवतच नाही. मग बाळ श्वास मागत राहतं आणि नोंदीत मात्र 'सगळे श्वास यंत्राने दिले' असं येतं. गळती जास्त असेल तर छातीत गेलेल्या हवेचा आकडा म्हणजे अंदाजच. बाळाची छाती पाहणारा माणूस आणि पडद्यावरचा आकडा यांच्यात मतभेद झाले तर मी छाती पाहणाऱ्याच्या बाजूने उभा राहीन.

आणि बहुतेक वेळा ही माहिती जशीच्या तशी त्याच क्षणी जात नाही. ती दिवसातून एकदा, सहसा सकाळी यंत्र थांबल्यावर जाते. रात्री दोन वाजता नळी निसटली, तर ती बातमी डॉक्टरच्या पडद्यावर नाश्त्याच्या वेळेला पोचणार. घरच्यांपैकी किती जणांना हे कुणी नीट समजावून सांगितलेलं असतं?

दूरवरच्या नजरेवर भिस्त ठेवण्याआधी एक जुनी कहाणी पुन्हा सांगायला हवी, कारण या क्षेत्राने तिच्यातून फार मोठी किंमत देऊन धडा घेतला आहे.

१९७२ मध्ये अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ आल्फ्रेड स्टाइनश्नायडर यांनी एक निबंध छापला. झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचा श्वास आधीपासूनच मधूनमधून थांबत असतो, असं त्यांचं म्हणणं. त्याचा मुख्य आधार एका कुटुंबातली दोन भावंडं होती, दोघंही दगावलेली. निबंध गाजला. श्वास थांबला की वाजणारी यंत्रं घराघरांत गेली, पाळण्याच्या कडेला लागली. लाखो आईबाप रात्री त्या घंटेने उठत राहिले. पुढे १९९५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या न्यायालयाने त्याच कुटुंबातल्या आईला आपल्या पाचही मुलांच्या खुनाबद्दल दोषी ठरवलं. ज्या पुराव्यावर सगळा डोलारा उभा होता, तो आजार नव्हताच.

दरम्यान एक मोठा अभ्यास चालू होता. १,०७९ बाळांची घरी काटेकोर नोंद घेतली गेली, सात लाखांहून अधिक तासांची. २००१ मध्ये निष्कर्ष आले: ज्या घटनांना धोक्याची घंटा समजत होते, त्या पूर्ण दिवसांच्या, धडधाकट बाळांतही सर्रास घडतात. २००३ मध्ये अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने जाहीर केलं की अचानक मृत्यू टाळण्यासाठी ही यंत्रं देऊ नयेत. आणि या सगळ्या वर्षांत बाळं खरोखर वाचली ती दुसऱ्याच गोष्टीने. बाळाला पालथं न झोपवता उताणं झोपवा, एवढंच सांगणारी मोहीम नव्वदच्या दशकात निघाली आणि तिथले असे मृत्यू निम्म्यावर आले. तिला ना बॅटरी लागली, ना घंटा.

श्वसनयंत्रावरच्या मुलांची गोष्ट वेगळी आहे, हे मला मान्य आहे. त्यांना धोका खरा आहे, रोजचा आहे. लॉस एंजेलिसच्या बालरुग्णालयाने २०१० मध्ये आपल्या २२ वर्षांच्या नोंदी मांडल्या. गळ्यातल्या नळीने घरी यंत्रावर असलेली २२८ मुलं, त्यातली ४७ दगावली. मूळ आजार वाढल्याने गेलेली त्यातली साधारण एक तृतीयांशच. निम्म्याच्या आसपास मृत्यू अनपेक्षित होते. गळ्याच्या नळीमुळे येणारे अपघात असेच असतात: नळी कफाने बुजते, निसटते, जोड सुटतो. तान्ह्या बाळाच्या नळीचं आतलं तोंड साडेतीन मिलिमीटरच्या आसपास असतं. कफाची एक घट्ट गाठ तिला पुरते. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर हातात काही मिनिटंच उरतात. या काही मिनिटांत मुंबईतल्या सर्व्हरवर पोचलेला संदेश कुणी पाहिला, तरी तो घरातल्या माणसाला फोन करण्यापलीकडे काय करू शकेल? नळी बदलायची ती घरातल्या हातांनीच.

घरातल्या यंत्राच्या स्वतःच्या अलार्मवर विसंबून राहणंही सुरक्षित नाही, हे त्याच शहरातल्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये दाखवून दिलं होतं. लहान मुलांची नळी इतकी अरुंद की ती गळ्यातून बाहेर पडली तरी तिच्या तोंडाशी पुरेसा दाब टिकून राहतो. यंत्राला वाटतं, सगळं ठीक आहे. कमी दाबाचा अलार्म वाजतच नाही. म्हणूनच अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या तेव्हा मूल झोपलेलं असताना किंवा नजरेआड असताना निव्वळ यंत्राच्या अलार्मवर न राहता पल्स ऑक्सिमीटर लावावा असं सुचवलं. आणि त्याच सूचनांत एक वाक्य आहे ज्याचा खर्च बहुतेक सरकारांना जड जातो: अशा मुलापाशी चोवीस तास एक प्रशिक्षित आणि *जागा* माणूस हवा, आणि घरातल्या निदान दोघांनी सगळं शिकलेलं हवं.

त्या 'जागा' शब्दावर सगळं अडतं. कोपनहेगनमध्ये दीड हजार विद्यार्थी होते. घरी एक आई असते.

ऑक्सिमीटरबद्दल दोन शब्द, कारण आपल्याशी त्याचा थेट संबंध आहे. १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी शोधलेलं हे तत्त्व बोटातून प्रकाश पाठवून रक्तातल्या प्राणवायूचा अंदाज घेतं. त्वचेतला काळसर रंग त्या प्रकाशात ढवळाढवळ करतो. २०२० च्या डिसेंबरात मिशिगनच्या संशोधकांनी दाखवलं की ऑक्सिमीटरचा आकडा ठीक दिसत असताना रक्तातला प्राणवायू प्रत्यक्षात कमी असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होतं, गोऱ्यांत ३.६ टक्के. आपल्याकडच्या सावळ्या-काळ्या मुलांच्या पायाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचं सॅच्युरेशन ९४ आणि एखाद्या गोऱ्या मुलाचं ९४ एकच समजावं का, हे आपल्याकडे कुणीतरी मोजायला हवं. शिवाय मूल प्राणवायूवर असेल तर सॅच्युरेशन उत्तम राहून आत कार्बन डायऑक्साइड साठत जाऊ शकतो. तो मोजायचं वेगळं साधन लागतं, आणि ते घरी फार थोड्यांकडे असतं.

दूरनिरीक्षणाने प्रत्यक्षात काय साधलं याचे पुरावे एकसुरी नाहीत. इटलीतल्या ब्रेशिया भागातल्या मिकेले विटाका यांच्या गटाने २००९ मध्ये श्वसन दीर्घकाळ निकामी झालेल्या २४० प्रौढांवर प्रयोग केला. ज्यांच्याकडे दूरसाहाय्य होतं त्यांचं रुग्णालयात दाखल होणं ३६ टक्क्यांनी कमी झालं. उलट लंडनमध्ये ६८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले, त्यात दूरनिरीक्षणामुळे पुढच्या दाखल होण्याला काहीच उशीर झाला नाही, उलट दाखल होण्याचं एकूण प्रमाण वाढलं. जीवनमानातही सुधारणा नाही.

दोन्ही चाचण्या प्रामाणिक. मग एवढा फरक का? मला उत्तर इटलीच्या रचनेत दिसतं. तिथे रुग्णाच्या घरी फक्त ऑक्सिमीटर आणि फोन होता, पण पलीकडे नावानिशी ओळखणारी परिचारिका होती, ती ठरलेल्या दिवशी स्वतःहून फोन करायची, आणि अडीअडचणीला चोवीस तास फुप्फुसतज्ज्ञ उपलब्ध होता. नुसते आकडे वाहून नेले तर पलीकडच्याला धास्ती वाटते आणि धास्तावलेला माणूस म्हणतो, कशाला जोखीम, दाखल करा. आकड्यांबरोबर त्या घराची ओळख असली तरच कुणी म्हणू शकतं: ताई, आज दोनदा जास्त सक्शन करा, संध्याकाळी मी पुन्हा फोन करते.

मुलांमधले अभ्यास छोटे आहेत. बोस्टनमध्ये २०१४ च्या सुमारास घरी यंत्रावर असलेल्या मुलांना व्हिडिओवरून पाहून निर्णय घेता येतात का हे तपासलं गेलं, आणि घेता येतात असं दिसलं. स्पेनच्या व्हॅलेन्सियात मूठभर मुलांवर तसाच प्रयोग झाला. इटलीतल्या अनेक केंद्रांनी मिळून स्नायूंचे आजार असलेल्या, घरी यंत्रावरच्या मुलांची आणि तरुणांची तुलना २०१९ मध्ये छापली. दूरनिरीक्षणातल्या गटाच्या रुग्णालयातल्या फेऱ्या कमी होत्या. आशा वाटावी असं हे चित्र आहे. पण शंभरच्या आतबाहेरच्या संख्यांवर देशाचं धोरण उभं करता येत नाही, आणि दूरनिरीक्षणाने मृत्यू टळतात असं म्हणण्याइतका पुरावा यातल्या कुठल्याच अभ्यासात नाही.

श्रीमंत देशांत आता पैशाची सोय झाली आहे. फ्रान्सने आधी प्रायोगिक योजना चालवली आणि २०२३ पासून दूरनिरीक्षणाचा खर्च नेहमीच्या सार्वजनिक विम्यात घेतला. अमेरिकेत २०१९ पासून त्यासाठी वेगळी देयकं आहेत, अनेक वर्षं अट अशी होती की ३० पैकी किमान १६ दिवसांची माहिती यायला हवी. या अटीकडे पाहून मला थोडं वाईट वाटतं. मूल किती दिवस बरं होतं हे न विचारता मोडेम किती दिवस बोलला हे विचारायची सवय अशाने लागते. जपानने २०२१ मध्ये वेगळा रस्ता धरला: घरी वैद्यकीय देखभाल लागणाऱ्या, तिथे सुमारे २० हजार असलेल्या मुलांसाठी कायदाच केला. शाळा, पाळणाघरं आणि आईवडिलांची नोकरी टिकणं, हे त्या कायद्याच्या पोटात येतं.

आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे दूरनिरीक्षण फार पूर्वीपासून चालू आहे, फक्त त्याला ते नाव नाही. बाबा यंत्राच्या पडद्याचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकतात. आई मुलाच्या छातीचा वीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवते. पलीकडून डॉक्टर किंवा यंत्र विकलेल्या दुकानाचा तंत्रज्ञ लिहितो, दादा, मास्कचा पट्टा एक घर ओढा. या धडपडीला कमी लेखू नये. छातीच्या त्या व्हिडिओत खळी पडते की नाही, नाकपुड्या फुलतात की नाही हे दिसतं, आणि ते मोडेम कधीच सांगत नाही. पण हे सगळं डॉक्टरच्या भलेपणावर चालतं. रात्रीची पाळी ठरलेली नाही, नोंद राहत नाही, डॉक्टर रजेवर गेला की धागा तुटतो. २५ मार्च २०२० ला केंद्राने दूरवैद्यकाचे नियम आणल्यावर निदान असा सल्ला देणं कायद्याच्या चौकटीत आलं.

अंतर हा आपला मोठा प्रश्न. लहान मुलांच्या श्वसनाचे तज्ज्ञ मुंबई-पुण्यात आणि मोजक्या शहरांत. सावंतवाडीच्या घरातून मूल मुंबईला न्यायचं तर पाचशे किलोमीटरच्या आसपास प्रवास. म्हणून सिंधुदुर्गातले रुग्ण आजही बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची वाट धरतात. गडचिरोली-नंदुरबारकडची गोष्ट तर विचारूच नये. यंत्रावरच्या मुलाला प्रवासात न्यायचं म्हणजे भरलेली बॅटरी, जादा नळ्या, सक्शन, अंबू बॅग आणि ती दाबू शकणारा दुसरा माणूस. नुसता दाब दोन अंकांनी वाढवायला अशी वारी करावी लागत असेल, तर तिथे मोडेम खरोखर पुण्याचं काम करतो. माझ्या मते आपल्याकडे दूरनिरीक्षणाची पहिली जागा हीच: तपासणीच्या फेऱ्या वाचवणं आणि वाढत्या मुलाबरोबर यंत्र जुळवत राहणं.

वीज ही दुसरी गोष्ट. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मुरूड, पलीकडे मंडणगड-दापोलीत अनेक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, मोबाइलचे मनोरे मुके झाले होते. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला मुंबईचीही वीज कित्येक तास गेली. यंत्राला आणि मोडेमला एकाच वेळी जीव लागतो आणि दोन्हींचा जीव एकाच वेळी जातो. ज्या रात्री दूरच्या नजरेची सगळ्यात जास्त गरज, नेमकी त्याच रात्री ती मिटते. म्हणून महावितरणच्या प्रत्येक उपविभागात श्वसनयंत्रावरच्या घरांची यादी असावी, वीज घालवायच्या आधी त्यांना कळवावं आणि परत आणताना त्यांचा नंबर आधी लागावा. परदेशात अनेक वीज कंपन्या अशी यादी ठेवतात. त्याला लागते ती एक वही.

भाषेचंही पाहा. पडद्यावर झळकतं 'सर्किट डिस्कनेक्ट', 'लो मिनिट व्हेंटिलेशन'. सातवी शिकलेली आजी ते वाचू शकत नाही. ती अलार्मच्या सुरावरून ओळखते. ती ओळखतेही अचूक, पण नव्या सुराच्या वेळी काय? प्रत्येक यंत्राबरोबर मराठीत छापलेला, जाड कागदाचा, भिंतीवर लावता येणारा तक्ता हवा: हा आवाज आला तर आधी मुलाकडे पाहा, मग नळीकडे, मग यंत्राकडे. मोडेमच्या किमतीत असे शेकडो तक्ते छापून होतील.

आणि पैसा. यंत्र, नळ्या, मास्क, फिल्टर, सक्शनचे कॅथेटर, रात्रपाळीची सिस्टर. हे सगळं आपल्याकडे बहुतेक कुटुंबं खिशातून भरतात. आयुष्मान भारत आणि महात्मा फुले योजना रुग्णालयातल्या उपचारांभोवती उभ्या आहेत. केटी बेकेटच्या घरच्यांसमोर १९८१ मध्ये जो पेच होता, तोच आज आपल्या असंख्य घरांसमोर आहे. २०२१ च्या दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात निवडक केंद्रांतून, मुंबईत केईएममधून, पुढे ५० लाखांपर्यंत उपचारांची तरतूद झाली, हे मोठंच पाऊल. त्याच वर्षी मुंबईतल्या एका बाळाच्या १६ कोटींच्या औषधासाठी अनोळखी लोकांनी पैसे जमवले आणि सरकारने आयातशुल्क माफ केलं. ती माणुसकी मी विसरलेलो नाही. पण औषधानंतरची हजार रात्रींची जागल कुणाच्या वर्गणीत बसत नाही.

इथेच मला खरी भीती आहे. खर्च वाचवू पाहणारी एखादी योजना उद्या म्हणेल: मोडेम आहे ना, मग रात्रीची सिस्टर कशाला? वरच्या सगळ्या पुराव्यात या म्हणण्याला अणुमात्र आधार नाही. दूरनिरीक्षणाने दवाखान्याची फेरी वाचते, दाबाचे आकडे वेळेवर बदलतात. सिस्टरची जागा ते घेत नाही. उलट पलीकडच्या टोकालाही एक सिस्टर बसवावी लागते, तिचाही पगार हिशेबात धरावा लागतो. शिवाय तिच्या पडद्यावर किती इशारे यावेत हेही ठरवायला हवं. अमेरिकेतल्या रुग्णालयांत ८५ ते ९९ टक्के अलार्मना प्रत्यक्षात काही करावं लागत नाही, असं तिथल्या मानांकन संस्थेने २०१३ मध्ये नोंदवलं होतं. एवढ्या खोट्या हाकांनंतर खरी हाक कानाआड जाते, घरीही आणि दूर केंद्रातही.

शेवटी त्या मुलाचं काय म्हणणं आहे? ड्यूशेनची मुलं आता विशी-तिशीपर्यंत जगतात. पंधरा वर्षांच्या मुलाने रात्री मित्राशी बोलत बसून यंत्र एक वाजता लावलं, ही गोष्ट सकाळी आईला आणि डॉक्टरला कळते. त्याच्या वयाच्या दुसऱ्या कुठल्या मुलाच्या झोपेची अशी हजेरी लागते? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, पण मुलाला विचारण्याची रीत कायद्याने येत नाही. कोणते आकडे कुणाला दिसतील हे त्याच्यासमोर बसून ठरवावं, आणि रागावण्यासाठी ते वापरणार नाही असा शब्द द्यावा. तसं न केल्यास तो मास्क तोंडावरून काढून उशीला लावून ठेवायला शिकतो, आणि नोंद मोठी छान दिसते.

जिथे ही व्यवस्था चांगली रुळली आहे तिथे मूल घरी सोडण्याआधी आईवडिलांना एक-दोन दिवस रुग्णालयातल्याच खोलीत मुलासोबत एकटं ठेवतात. सिस्टर दाराबाहेर असते, आत येत नाही. नळी तेच बदलतात, सक्शन तेच करतात, अलार्मला तेच उठतात. वडिलांनी भिंतीतला प्लग काढून बॅटरी किती वेळ टिकते ते घड्याळ लावून पाहावं. आईने यंत्र बाजूला ठेवून अंबू बॅगवर पाच मिनिटं मुलाला श्वास द्यावा. आणि त्याच रात्री, पहाटे तीन वाजता, दूरनिरीक्षणाच्या केंद्राचा म्हणून दिलेला नंबर एकदा लावावा. किती रिंगांनी उचलला, कोण बोललं आणि त्या माणसाला मुलाचं नाव ठाऊक होतं का, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून मग घरी जावं.